पुहोल्सने सेंट लुईस का सोडले?

वाचकांचे प्रश्न

बेसबॉलमधील ‘फ्री एजन्सी’विषयी, म्हणजे करार संपल्यावर खेळाडूने स्वतः नवा संघ निवडण्याच्या मुभेविषयी, आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या तिन्ही प्रश्नांचे मूळ त्याच पत्रात आहे.

प्रश्न : आम्ही २००४ पासून सेंट लुईसमध्ये राहतो. २०११ साली इथल्या कार्डिनल्स संघाने वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका) जिंकली तेव्हा माझा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि आल्बर्ट पुहोल्सची पाच नंबरची जर्सी घालूनच झोपत असे. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत पुहोल्स एंजल्स संघाकडे गेला. मुलाने ती जर्सी कपाटाच्या तळाशी टाकली, ती आजतागायत तिथेच आहे. आता तो नोकरी करतो, पण विषय निघाला की “पैशासाठी सोडून गेला” एवढेच म्हणतो. संघाने त्याला जाऊ का दिले? दोष कोणाचा? आणि त्या जर्सीचे मी काय करू? (एक वाचक, सेंट लुईस)

उत्तर : आपल्या मुलाचे दुःख खरे आहे आणि ते लहानपणचे म्हणून हलके मानू नये. बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज संध्याकाळी जो खेळाडू घरात दिसतो, तो अकरा हंगामांनंतर घरचाच होतो. त्यात पुहोल्स अक्षरशः तुमच्या राज्यातला. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी अमेरिकेत आला आणि मिझुरीतच शाळा-कॉलेजात खेळला. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, चारशे एक नावे पुकारून झाल्यावर कार्डिनल्सने त्याला निवडले. २००१ साली तो नॅशनल लीगचा (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन गटांपैकी एकाचा) सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढे २००५, २००८ व २००९ असा तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. कार्डिनल्ससाठी त्याने त्या अकरा हंगामांत ४४५ होम रन मारले आणि दोन वर्ल्ड सिरीज जिंकून दिल्या. त्यांतल्या २०११ च्या मालिकेतील तिसऱ्या सामन्यात तर त्याने एकट्याने तीन होम रन ठोकले होते. या संघाचा पूर्वीचा थोर फलंदाज स्टॅन म्यूझियल याला लोक ‘द मॅन’ म्हणत. पुहोल्सला तेच बिरुद स्पॅनिशमध्ये देण्याची टूम निघाली, तेव्हा तो मान म्यूझियलचाच आहे असे सांगून त्याने ते नाकारले. म्यूझियल आपले सर्व बावीस हंगाम याच एका संघाकडून खेळला होता. पुहोल्सही अखेरपर्यंत असाच राहणार, असे शहराने मनोमन धरून ठेवले होते, आणि म्हणूनच घाव खोल गेला.

आता व्यवहार पाहू. २००४ साली पुहोल्सने कार्डिनल्सबरोबर सात वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला होता. संघाने वाढवलेल्या एका वर्षासह तो २०११ च्या हंगामाबरोबर संपला आणि विजयाचा गुलाल खाली बसायच्या आत पुहोल्स कोणत्याही संघाशी बोलायला मोकळा झाला. कार्डिनल्सने, त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे, दहा वर्षांसाठी सुमारे २१ कोटी देऊ केले. दक्षिण कॅलिफोर्नियातील एंजल्सनी दहा वर्षांसाठी २४ कोटी दिले आणि ८ डिसेंबर २०११ रोजी बातमी आली. या दोन आकड्यांतील फरकाकडेच सगळे बोट दाखवतात, पण आणखी एक कारण होते. पुहोल्स बत्तिशीला टेकला होता. एंजल्स ज्या अमेरिकन लीगमध्ये खेळतात तेथे तेव्हा ‘डेझिग्नेटेड हिटर’चा नियम होता, म्हणजे मैदानात न उतरता केवळ फलंदाजी करणारा एक खेळाडू ठेवता येई, कार्डिनल्सच्या नॅशनल लीगमध्ये ती सोय नव्हती. चाळिशीकडे झुकणारा, गुडघे आणि टाचा कुरकुरणारा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक) नॅशनल लीगच्या संघाला रोज मैदानात उभा करावा लागला असता. दहा वर्षांचा पगार देताना कार्डिनल्सचा हात थोडा आखडला, तो एवढ्यासाठी.

आणि त्यांचा अंदाज खरा ठरला, हे मुलाला मोकळेपणाने सांगा. एंजल्सकडे पुहोल्स पूर्वीचा राहिला नाही. त्याच्या कारकिर्दीत तो संघ फक्त २०१४ साली बाद फेरीत पोचला आणि कॅन्सस सिटी रॉयल्सने त्याला सलग तीन सामन्यांत घरी पाठवले. मे २०२१ मध्ये, कराराचे शेवटचे वर्ष चालू असताना, एंजल्सनी त्याला मोकळे केले.

दोष मात्र मी कोणालाच देणार नाही. खेळाडूने निष्ठा पाळली नाही असे म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो, ती अशी की निष्ठेचा हिशेब मागायचा तर तो दोन्ही बाजूंकडे मागावा लागतो. याच कार्डिनल्सना १९२६ साली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा खेळाडू-व्यवस्थापक रॉजर्स हॉर्न्सबी त्याच डिसेंबरात न्यूयॉर्क जायंट्सकडे पाठवला गेला. १९७२ च्या फेब्रुवारीत पगाराच्या वादावरून स्टीव्ह कार्ल्टन या पिचरला (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्या वर्षी तळाशी राहिलेल्या फिलीजनी जिंकलेल्या ५९ सामन्यांपैकी २७ सामने एकट्या कार्ल्टनच्या नावावर लागले. या दोघांना कोणी विचारले नव्हते. पुहोल्सला निदान विचारले गेले आणि त्याने उत्तर दिले. ते उत्तर आपल्याला आवडले नाही, एवढाच काय तो फरक.

जर्सीचा प्रश्न मी शेवटी घेतो.

प्रश्न : फ्री एजन्सी म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखेच असते का? आणि खेळाडू निघून गेला तर जुन्या संघाच्या पदरी काय पडते? (एक क्रिकेटप्रेमी, सांगली)

उत्तर : लिलावात खेळाडू निवड करत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटी रुपयांची बोली लागली आणि हातोडा पडताच तो लखनौचा झाला. दुसरा एखादा संघ आवडता असता तरी इलाज नव्हता. फ्री एजंट झालेला बेसबॉलपटू मात्र आपल्या एजंटामार्फत सर्व संघांची बोलणी ऐकतो आणि त्यांतून शहर, वर्षे, पैसे, कुटुंबाची सोय असे सगळे पाहून स्वतः ठरवतो. कमी पैशांचा प्रस्ताव स्वीकारण्याचाही त्याला अधिकार असतो.

हा अधिकार लगेच मिळत नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण व्हावी लागते. त्यांपैकी साधारण पहिली तीन वर्षे खेळाडू किमान वेतनाच्या आसपास खेळतो (२०२५ साली ते ७ लाख ६० हजार डॉलर होते), पुढची तीन वर्षे पगारावर एकमत न झाल्यास लवादाकडे जाता येते, आणि मग तो मोकळा होतो. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे संघाला बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतात. “एवढे कोटी कशाला?” असे विचारणाऱ्यांनी ही सहा वर्षे आधी मोजावीत.

संघ ती मोजतातच, तीही दिवसांवर. हंगामातील १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. २०१५ साली शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट या गुणी तरुणाला हंगामाच्या सुरुवातीला कनिष्ठ लीगमध्येच ठेवले आणि १७ एप्रिलला वर आणले. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. त्या एका दिवसासाठी त्याची मुक्तता पूर्ण एक वर्ष लांबली. त्याने तक्रार केली आणि २०२० साली तो निकाल त्याच्याविरुद्ध गेला. नियमात बसणारी ही गोष्ट मला न्यायाची कधीच वाटली नाही, विशेषतः ज्या मुलाने दुसऱ्याच वर्षी त्या संघाला १०८ वर्षांनंतरची वर्ल्ड सिरीज जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला त्याच्या बाबतीत.

राहिला पदरी काय पडते हा प्रश्न. युरोपातील फुटबॉलमध्ये करार चालू असलेला खेळाडू घेताना नवा संघ जुन्या संघाला किंमत देतो. येथे करार संपलेला असल्याने जुन्या संघाला एक डॉलरही मिळत नाही. मिळते ती ड्राफ्टमधील जादा निवड. हल्ली त्यासाठी संघाला जाणाऱ्या खेळाडूपुढे आधी एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव ठेवावा लागतो. लीगमधील सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंची सरासरी काढून ती रक्कम ठरते. २०१२ पूर्वीचे नियम वेगळे होते आणि त्यांनुसार पुहोल्सच्या बदल्यात कार्डिनल्सना एंजल्सची पहिल्या फेरीतील एकोणिसावी निवड आणि वर छत्तिसावी निवड मिळाली. एकोणिसाव्या क्रमांकावर त्यांनी टेक्सासच्या एका विद्यापीठातून मायकल वाका नावाचा उंच पिचर घेतला. ऑक्टोबर २०१३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, या मुलाने नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉसमोर दोन सामने जिंकले, एक १-० असा आणि दुसरा ९-० असा. दोन्ही सामन्यांत त्याने स्वतः एकही धाव दिली नाही. तो मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कार्डिनल्स पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले. तेथे बोस्टनने त्यांना हरवले ही गोष्ट वेगळी. असा सौदा प्रत्येक वेळी जमत नाही. २०२३ च्या अखेरीस शोहेइ ओतानी निघून गेला तेव्हा त्याच एंजल्सच्या हाती बदल्यात ७४ व्या क्रमांकाची निवड तेवढी लागली.

प्रश्न : कर्ट फ्लड सर्वोच्च न्यायालयात खटला हरला, असे वाचले. मग फ्री एजन्सीचे श्रेय त्याला का देतात? (विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : श्रेय देतात कारण त्याने स्वतःचे करिअर पणाला लावून दार ठोठावले, दार उघडले ते मात्र दुसऱ्या वाटेने.

त्याआधीची स्थिती समजून घ्यायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रत्येक खेळाडूच्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचे कलम असे. करार संपला तरी संघ तो एकतर्फी वाढवू शकतो, असा त्याचा अर्थ मालक लावत. त्यामुळे खेळाडू जन्मभर एका संघाला बांधलेला राही. संघाची मर्जी असेल तेव्हा तो दुसऱ्याला देऊन टाकता येई. शिवाय १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे असा निर्णय दिल्याने मक्तेदारीविरोधी कायदाही या धंद्याला लागू होत नव्हता.

फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्सचाच. सेंटर फील्डमध्ये बारा हंगाम, सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह, दोन वर्ल्ड सिरीज, ९० हजार डॉलर पगार. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला फोनवर कळवण्यात आले की आपली रवानगी फिलाडेल्फियाला झाली आहे. त्याचे घरदार, व्यवसाय, सारे सेंट लुईसमध्ये होते. २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांना एक छोटेसे पत्र लिहिले. बारा वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या इच्छेचा विचार न करता विकता-घेता येणारी मालमत्ता मी आहे असे मला वाटत नाही, हा त्याचा आशय. कृष्णवर्णीय माणसाने त्या दशकाच्या अखेरीस हे शब्द लिहावेत, यात केवळ पगाराची तक्रार नव्हती, हे आपल्या लक्षात येईल.

आयुक्तांनी नकार दिला, फ्लड न्यायालयात गेला आणि १९७० चा पूर्ण हंगाम घरी बसला. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन आले. वर्णभेदाची भिंत ज्यांनी १९४७ साली ओलांडली होती ते. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात त्याच्यामागे येऊन बसला नाही. सगळ्यांना आपापल्या नोकरीची भीती होती. या खटल्यातील ही गोष्ट मला निकालापेक्षाही जास्त लागते.

निकाल १९७२ च्या जूनमध्ये ५ विरुद्ध ३ असा लागला. नवव्या न्यायमूर्तींकडे कार्डिनल्सच्या मालक असलेल्या बिअर कंपनीचे शेअर होते, म्हणून ते बाजूला राहिले. बहुमताचा निवाडा न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिला. बेसबॉलला मिळालेली सवलत विसंगत आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण इतकी वर्षे चालत आलेली गोष्ट बदलायची तर ती संसदेने बदलावी, असे म्हणून फ्लडला हात हलवत परत पाठवले. पूर्वनिर्णयाला चिकटून राहण्याची मर्यादा काय असावी, यावर आपल्या वर्गात चर्चा होत असेल तर हा निवाडा मुळातून वाचावा.

दुसरी वाट होती खेळाडूंच्या संघटनेची. तिचे प्रमुख मार्विन मिलर पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले होते. १९७० च्या सामूहिक करारात त्यांनी तक्रारी तटस्थ लवादापुढे नेण्याचा हक्क मिळवला होता. १९७५ साली अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरनी नव्या करारावर सही केली नाही. संघांनी त्यांचे जुने करार त्या कलमाखाली एक वर्ष वाढवले. वर्ष संपल्यावर दोघे म्हणाले, कलमात ‘एक वर्ष’ लिहिले आहे, ते झाले, आता आम्ही मोकळे. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. मालकांनी साइट्झना त्याच दिवशी कामावरून दूर केले, पण निर्णय न्यायालयात टिकला आणि पुढच्याच वर्षीच्या करारात सहा वर्षांचा नियम आला. जवळजवळ शंभर वर्षे टिकलेली व्यवस्था दोन शब्दांच्या साध्या वाचनाने कोसळली. फ्लड तोपर्यंत खेळातून बाहेर पडला होता. १९७१ साली वॉशिंग्टनकडून अवघे तेरा सामने खेळून त्याने बॅट खाली ठेवली होती. त्याच्या नावाचा कायदा संसदेने १९९८ साली केला, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे पावणेदोन वर्षांनी.

प्रश्न : हुआन सोटोचा करार ७६.५ कोटी डॉलरचा, ओतानीचा ७० कोटींचा. मग लहान शहरांच्या संघांनी खेळायचे तरी कशाला? क्रिकेटप्रमाणे खर्चाला मर्यादा का घालत नाहीत? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : मर्यादा घालण्याचा मालकांचा हट्ट हेच १९९४ च्या संपाचे मुख्य कारण होते. १२ ऑगस्टला खेळ थांबला तो २३२ दिवस, आणि १९०४ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज झाली नाही. सध्या मर्यादेऐवजी ठरावीक रकमेपलीकडच्या खर्चावर कर आहे. सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा असल्याने हा वाद पुन्हा टेबलावर येणे अटळ आहे.

आपली काळजी मला रास्त वाटते. ओतानीच्या ७० कोटींपैकी ६८ कोटी त्याला २०३४ पासून पुढे मिळायचे आहेत. अशी रचना पेलण्याची ताकद प्रत्येक शहरात नसते. त्याला घेणारे लॉस एंजेलिस डॉजर्स २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे वर्ल्ड सिरीज जिंकले. तरीही पैसा ओतला की विजय हमखास, असे नाही. सोटोला घेऊन न्यूयॉर्कचे मेट्स २०२५ साली बाद फेरीतही पोचू शकले नाहीत, आणि कॅन्सस सिटीसारख्या लहान शहराने २०१५ साली वर्ल्ड सिरीज जिंकलेली आहे. खर्चाला वरची मर्यादा घालायची असेल तर खालचीही घालावी, असे माझे मत आहे, कारण काही मालक लीगच्या सामायिक उत्पन्नातून वाटून आलेला पैसा खिशात टाकून आपले चांगले खेळाडू एकामागून एक जाऊ देतात, आणि त्या गावच्या मुलांची कपाटे जर्सींनी भरतात.

आता सेंट लुईसच्या जर्सीविषयी.

२१ जून २०१९ ही तारीख आपल्या मुलाला आठवत असेल. तब्बल आठ हंगामांनी पुहोल्स एंजल्सच्या पोशाखात प्रथमच कार्डिनल्सच्या बुश स्टेडियमवर फलंदाजीला आला. सारे मैदान उभे राहिले. कार्डिनल्सचा कॅचर यादिएर मोलिना, त्याचा जुना सोबती, आपली जागा सोडून पुढे गेला आणि प्लेटसमोर रेंगाळला, म्हणजे पंचांना खेळ सुरू करता येऊ नये आणि टाळ्या चालू राहाव्यात. पुहोल्सने हेल्मेट काढून चारी बाजूंना मान लववली आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी त्याने कार्डिनल्सच्याच पिचरला होम रन मारला, तेव्हा त्याच प्रेक्षकांनी त्याला डगआउटमधून पुन्हा बाहेर बोलावले. सेंट लुईसने आपले मन त्या दोन दिवसांत सांगून टाकले होते.

मग २०२२ साली नॅशनल लीगमध्येही डेझिग्नेटेड हिटरचा नियम आला, आणि बेचाळीस वर्षांचा पुहोल्स २५ लाख डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर परत आला. त्या हंगामात त्याने २४ होम रन मारले. मुलाला ती जर्सी बाहेर काढून द्या. ७०० वा होम रन त्याने २३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये मारला, तेव्हा त्याच्या अंगावर तोच पाच नंबर होता, कार्डिनल्सचा.